कोलशेतच्या काँक्रीट छत्रीचं शटरिंग: रोबोने कापलेल्या थर्माकोलवर भरवसा ठेवावा का?

कोलशेत_साइट

नमस्कार मंडळी. ठाण्यात कोलशेत रोडला एका संकुलाच्या क्लबहाउससमोर काँक्रीटची छत्री उभी करायची आहे. टॉवरचं काम मिवानमध्ये (अ‍ॅल्युमिनियमच्या तयार शटरिंगमध्ये) सुरळीत चाललंय. ही छत्री मात्र आमच्या छोट्या फर्मकडे वेगळी आली आहे आणि साइटवर ती माझ्याकडे आहे.

आकार असा. मधोमध एकच कॉलम, ६०० मिमी व्यासाचा. १.८ मीटर उंचीपर्यंत तो सरळ आहे, तिथून फुलायला लागतो आणि ३.६ मीटरवर छतात मिसळतो. वर चार पाकळ्या, चारही सारख्या, मिळून ९ बाय ९ मीटर. बाहेरची कड ४.५ मीटर उंचीवर. म्हणजे छत्री उलटी आहे, पावसाचं पाणी मध्यभागी येऊन कॉलममधल्या पाइपातून खाली जाणार. जाडी कडेला १२० आणि कॉलमजवळ ३५० मिमी. खालचा पृष्ठभाग तसाच उघडा राहणार, प्लास्टर नाही आणि पुट्टीही नाही. सध्या एकच छत्री आहे, पुढच्या फेजमध्ये अजून तीन व्हायची शक्यता आहे.

आर्किटेक्टने राइनोची (थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) फाइल दिली आहे आणि दर २५० मिमीला एक सेक्शन. आमच्या मिस्त्रींनी ते कागद बराच वेळ पाहिले आणि एवढंच विचारलं, "साहेब, यात सरळ रेघ कुठंय?" मला सांगता आलं नाही.

राबाळे एमआयडीसीत रोबोवर थर्माकोल कापून साचे करून देतात असं कळलं. आमच्या मालकांना थर्माकोल हा शब्दच पटत नाही. त्यांचं म्हणणं, एवढं ओलं काँक्रीट त्यावर ओतलं तर ते चुरगळेल. ते असंही विचारतात की मग थेट थ्रीडी प्रिंटच का करू नये. मला हे काम नीट व्हायला हवंय. पहिल्यांदाच असं काही हातात आलंय आणि रोज हजारेक माणसं त्याखालून जाणार आहेत. ज्यांनी असे साचे केले आहेत किंवा त्यावर काँक्रीट ओतलंय त्यांनी कृपया सांगावं: पूर्ण साचा रोबोवर करावा, की सुतारांकडून, की दोन्ही? पाऊस सुरू व्हायच्या आत ओतायचं आहे.

---

कळवा_सेंटरिंग

भाऊ, तुझ्या मिस्त्रीला माझा नमस्कार सांग. नेमका प्रश्न विचारलाय त्याने.

मी सेंटरिंगचा ठेका घेतो. पाण्याच्या टाक्यांचे घुमट, देवळांचे कळस, गोल जिने, हेच करत आलो. आमची रीत अशी की जमिनीवर चुन्याने पूर्ण मापाचा आकार आखायचा, त्यावरून १८ मिमी प्लायचे फर्मे (आकाराच्या फासळ्या) कापायचे, ते एका फुटावर उभे करायचे आणि वरून रिपा मारायच्या. रिपांवर पातळ प्लायचे दोन थर. प्लाय एका अंगाने वाकतो. दोन्ही अंगांनी वाकवायला गेलास की कोपरा उचलतो, खिळा मारला तरी रात्रीतून परत उठतो. म्हणून असा आकार आला की प्लायच्या चिंचोळ्या पट्ट्या करायच्या. पट्ट्यांच्या रेषा काँक्रीटवर उमटणार. त्या आर्किटेक्टला चालणार आहेत का हे आधी लिहून घे.

मशीनला माझी ना नाही. आम्ही जे फर्मे दोरी-खडूने आखायचो ते आता सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कटरवर) कापून येतात, एकसारखे येतात, आणि माझ्या पोरांचा वेळ वाचतो. रोबोचं काम मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

पण एक सांगतो. सगळे वरच्या आकाराबद्दल बोलतायत. खाली टेकू कुणाचे? कोलशेतला खाडीकडची बरीच जमीन भरावाची आहे. भरावावर कपलॉक (पोलादी पाइपांचा टेकू) उभा केलास आणि खाली नुसती प्लायची चकती ठेवलीस तर ओतताना तो बसणार, आणि एक पाय बसला की वरचा आकार गेला. आधी भराव कुटून घे, त्यावर पीसीसीचा (सळ्यांशिवायच्या काँक्रीटचा) थर टाक, मग लाकडी स्लीपर, मग बेस जॅक. वर यू-जॅक, म्हणजे शेवटच्या क्षणी वर-खाली करता येईल. हे झाल्याशिवाय साचा रोबोने कापला काय किंवा हाताने कापला काय, सारखंच.

आणि कॉलममधला पाण्याचा पाइप सळ्यांना आवळून बांध. रिकामा पाइप ओलं काँक्रीट वर उचलतं. तळाचा बेंड साफ करता येईल अशी जागा ठेव. ठाण्याच्या पावसात पहिल्याच वर्षी तिथं पानं अडकतात.

---

तारवाली_राबाळे

राबाळ्याच्या अशा एका गाळ्यात रोबो मी चालवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थर्माकोल आमच्या घरात आधीपासून आहे. वडील ठाण्यात गणपतीची मखरं करायचे, ट्रान्सफॉर्मरला जोडलेल्या नायक्रोमच्या तारेने कमानी आणि महिरपी कापायचे. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि ते काम थांबलं. बंदी योग्य होती असंच मी मानते, विसर्जनानंतर खाडीत काय तरंगायचं ते आम्ही जवळून पाहिलंय. पण तारेचं ज्ञान हाताशी होतं. आज तशीच तार एका धनुष्यात ताणून सहा अक्षांच्या रोबोच्या मनगटाला बांधलेली आहे, आणि वेग किती ठेवायचा, तार कधी लाल होऊ द्यायची नाही, हे मी वडिलांकडून शिकलेलंच वापरते.

दादा, आधी तुमच्या मिस्त्रींच्या प्रश्नाचं उत्तर शोधा. सगळा खर्च त्यावर ठरणार आहे.

तार सरळ असते. सरळ तार हवेतून फिरवल्यावर जो पृष्ठभाग तयार होतो तेवढाच ती कापते. नळकांडं, शंकू, पिळलेली पट्टी, आणि ज्याला हायपर म्हणतात तो खोगिरासारखा आकार, हे सगळं तारेने होतं. घुमटाचा तुकडा होत नाही, कारण त्याच्या अंगावर कुठेच सरळ रेघ ठेवता येत नाही. तिथे मिलिंग करावं लागतं: स्पिंडलला गोल तोंडाचा लांब कटर लावून ओळीमागून ओळ घासत जायचं. जो पृष्ठभाग तार एका फेरीत काढते त्याला मिलिंगमध्ये कितीतरी पट वेळ लागतो आणि गाळाभर पांढरा भुसा होतो. डेन्मार्कमधल्या ओडेन्सची ओडिको ही कंपनी २०१२ मध्ये सुरू झाली आणि रोबोच्या गरम तारेने काँक्रीटचे साचे कापू लागली, तिचा धंदा याच फरकावर उभा राहिला. त्यांनी पुढे तिथल्या तंत्रविद्यापीठाबरोबर गरम पात्यावरही काम केलं. लवचिक पातं दोन्ही टोकांना रोबोने धरायचं आणि कापता कापता वाकवायचं, म्हणजे दुहेरी वक्रतासुद्धा एका फेरीत निघते. आमच्याकडे ते नाही. आमच्याकडे तार आहे आणि स्पिंडल आहे.

तारेचीही एक खोड लक्षात ठेवा. शंकूसारख्या फुलत जाणाऱ्या आकारात तारेचं आतलं टोक थोडंसं सरकतं आणि बाहेरचं टोक खूप सरकतं. हळू सरकणाऱ्या बाजूला थर्माकोल जास्त वेळ उष्णता खातो आणि जास्त वितळतो, त्यामुळे तिथे खाच रुंद होते. प्रोग्राममध्ये ही भरपाई केली नाही तर दोन ब्लॉक शेजारी ठेवल्यावर मध्ये फट दिसते. कुणाकडूनही काम करून घ्या, त्यांना हा प्रश्न जरूर विचारा.

आता पाकळ्या. त्या रोबोवर कापू नका. माझं काम कमी होईल, पण खरं हेच आहे. ९ मीटर चौरसाची उलटी छत्री, चार सारख्या पाकळ्या, पाणी मध्ये उतरतं: हा आकार शुद्ध हायपरच्या इतका जवळ आहे की तुमच्या आर्किटेक्टने तो जवळजवळ तसाच काढला असणार. हायपरच्या अंगावर सरळ रेघांचे दोन संच असतात. एका संचावर खालचे बॅटन टाकायचे, दुसऱ्या संचावर वरच्या फळ्या. एकही लाकूड वाकवावं लागत नाही, फळी फक्त किंचित पिळते. मेक्सिकोत फेलिक्स कँडेला या आर्किटेक्टने १९५० च्या दशकात अशा छत्र्या सुतारांकडून सरळ फळ्यांवर ओतून घेतल्या, आणि त्याही अशाच कॉलममधून पाणी उतरवणाऱ्या. राइनोत पाकळीचे चार कोपरे घ्या, त्यातून हायपर बनवा, आर्किटेक्टच्या पृष्ठभागावर ठेवून अंतर मोजा. फरक थोड्या मिलिमीटरचा असेल तर त्यांच्याशी बोला. कळव्याचे काका म्हणतात त्या पट्ट्यांच्या रेषा तेव्हा सगळ्या एका शिस्तीत धावतील, आणि मला वाटतं उघड्या काँक्रीटवर त्या फार सुंदर दिसतील.

गळा मात्र वेगळा आहे. १.८ ते ३.६ मीटरमध्ये गोल कॉलम चौकोनी छतात मिसळतो. तिथे दुहेरी वक्रता खरी आहे, पट्ट्या मारल्या तर प्रत्येक पट्टी वेगळी कापावी लागेल. रोबो तिथे वापरा. चार चतुर्थांश सारखे आहेत, एकच प्रोग्राम चार वेळा चालतो.

तुमच्या मालकांची शंका अगदी योग्य आहे, त्यामुळे आकडे देते. ओल्या काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलो. गळ्याच्या तळापासून छताच्या कडेपर्यंतची उंची २.७ मीटर. एका दमात ओतलं तर तळाशी दर चौरस मीटरला साडेसहा टन दाब येऊ शकतो. मखराचा किंवा पॅकिंगचा १५ किलो घनतेचा थर्माकोल अडीच टनांच्या आसपासच एक टक्का दबतो, म्हणजे तो इथे चालणारच नाही. २९-३० किलो घनतेचा थर्माकोल एक टक्का दबायला साडेसात टन लागतात. ३०० मिमी जाडीच्या ब्लॉकमध्ये एक टक्का म्हणजे ३ मिमी. म्हणून घनता लिहून मागा, आणि ब्लॉक आल्यावर वजनकाट्यावर ठेवून खात्री करा. वजन भागिले आकारमान, एवढंच गणित आहे. आमच्याकडे ब्लॉक आला की पहिलं काम तेच.

तरीही थर्माकोलने फक्त पृष्ठभाग द्यायचा, भार पेलायचा नाही. भार मागच्या प्लायच्या पेटीने पेलायचा. १८ मिमीच्या उभ्या-आडव्या फासळ्या सीएनसीवर कापायच्या, त्यात ब्लॉक घट्ट बसवायचे, आणि पेट्या एकमेकींना बोल्टने आवळायच्या. फासळ्या आणि थर्माकोल एकाच फाइलमधून निघाले पाहिजेत. दोन ठिकाणांहून दोन मापं आली की मध्ये पोकळी राहते आणि नेमका तिथेच पृष्ठभाग फुगतो.

पुढच्या गोष्टी लहान वाटतात, पण थर्माकोलचे साचे त्यांनीच वाया जातात. पॉलिस्टर रेझिन थेट थर्माकोलवर लावू नका, त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. फायबरच्या कारखान्यात सवयीने तेच उचललं जातं. आधी इपॉक्सीचा थर द्या, त्यात काचेच्या तंतूंची पातळ चादर बसवा, घासा, पुन्हा इपॉक्सी. ब्लॉक जोडायला पीयूचा गोंद घ्या, सोल्यूशनवाला रबराचा गोंद थर्माकोल खातो. साइटवर शटरला जळकं ऑइल किंवा डिझेल मारायची पद्धत आहे, ती या साच्यापुरती पूर्ण बंद करा. कोटिंगला एक ओरखडा असला तरी डिझेल आत जाऊन खड्डा पाडतं. पाण्यावर आधारित रिलीज एजंट मिळतो, तो वापरा. कव्हर ब्लॉक (सळ्या साच्यापासून वर धरणारे ठोकळे) लहान टोकाचे घेऊ नका. सळ्यांची पूर्ण जाळी त्या टोकांवर बसते, टोक कोटिंगमध्ये रुततं आणि कव्हर, म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीट, तेवढं कमी होतं. रुंद तळाचे घ्या आणि जवळजवळ ठेवा. व्हायब्रेटरची सुई साच्याला टेकवायची नाही, हे ओतणाऱ्या टोळीला आदल्या दिवशी समोर उभं करून सांगा.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. गळा वरच्या दिशेला फुलतो, म्हणजे साच्याचा पृष्ठभाग काँक्रीटच्या खाली आहे. हवेचे बुडबुडे वर जातात, दिसणाऱ्या बाजूपासून दूर. उभ्या भिंतीपेक्षा हा पृष्ठभाग स्वच्छ येतो.

प्रिंटबद्दल आणि झुरिकबद्दलही लिहिते, कारण आर्किटेक्ट ते फोटो दाखवतात. स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिक या विद्यापीठाच्या मंडळींनी ड्युबेनडॉर्फला डीफॅब हाउस बांधलं, ते २०१९ मध्ये उघडलं. तिथे एका रोबोने जागेवरच सळ्या वाकवून, वेल्डिंग करून दाट जाळीची वळणदार भिंत केली. जाळी इतकी दाट की काँक्रीट ओतल्यावर बाहेर वाहून जात नाही, म्हणजे साचा आणि सळई एकच. पृष्ठभाग नंतर माणसांनी थापीने सारखा केला. त्याच घराचा स्लॅब त्यांनी वाळूत थ्रीडी प्रिंट केलेल्या साच्यांवर ओतला. दोन्ही कामं मला फार आवडतात, आणि दोन्हींमध्ये आपल्याला शिकण्यासारखं एक आहे: तिथेही काँक्रीट ओतलेलंच आहे, यंत्राने केलं ते साच्याचं काम. बंगळुरूत अलसूरच्या पोस्ट ऑफिसच्या भिंती २०२३ मध्ये थेट प्रिंट झाल्या, पण त्या थरावर थर चढणाऱ्या उभ्या भिंती आहेत. सर्व बाजूंनी साडेचार मीटर बाहेर झेपावणारं छत हवेत थर देऊन होत नाही. त्याला खालून आधार लागणार, आणि आधार द्यायचाच तर शटरिंग आलंच.

शेवटी कचरा. काम झाल्यावर इपॉक्सी लागलेला भाग वेगळा करा, उरलेला स्वच्छ थर्माकोल गोणीत भरून आमच्यासारख्या गाळ्यात परत पाठवा, तो दाबून पुनर्वापराला जातो. साइटवर फोडून टाकला तर पहिल्या पावसात त्याचे दाणे खाडीत जातील. कोलशेतहून खाडी किती लांब आहे ते तुम्ही रोज बघताच.

---

वाशी_स्ट्रक्चरल

तारवाली ताईंनी दाबाचा आकडा पूर्ण उंचीचा धरला, ते बरोबरच केलं. बऱ्याच साइट्सवर "खालचं तोवर सेट होईल" असं धरून दाब कमी मोजतात. आपल्याकडे आरएमसीची (प्लांटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटची) गाडी तुर्भे-महापेहून निघून ठाण्याच्या ट्रॅफिकमधून येते, त्यासाठी रिटार्डर (सेट व्हायला उशीर लावणारं रसायन) टाकलेला असतो, शिवाय मिक्समध्ये फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग असतो. असं काँक्रीट तासन् तास ओलं राहतं. सेल्फ कॉम्पॅक्टिंग (व्हायब्रेटरशिवाय आपोआप पसरणारं) काँक्रीट वापरलं तर पूर्ण द्रवाचाच दाब धरायचा. तुम्ही आधी सरळ कॉलम १.८ मीटरपर्यंत ओतून घ्या. जोड नेमका गळा सुरू होतो त्या रेषेवर येईल आणि नजरेला खटकणार नाही. गळा आणि पाकळ्या एकत्र ओता. गळा भरल्यावर चारही पाकळ्यांत काँक्रीट समसमान चढवत न्या. एक पाकळी भरून दुसरीकडे गेलात तर स्टेजिंगवर (खालच्या टेकूंवर) एकतर्फी भार येतो.

पाकळ्यांचा हायपर केला तर माझं कामही सोपं होतं, ताण कुठून कसे जातात ते स्पष्ट दिसतं. मात्र कँडेलाची उदाहरणं पाहून जाडी कमी करायचा मोह कुणाला झाला तर थांबवा. सोचिमिल्कोचं त्याचं १९५८ चं लोस मानान्तियालेस हे रेस्टॉरंट फक्त ४ सेंटिमीटर जाडीचं आहे. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, किनारी हवेला उघड्या काँक्रीटला 'सीव्हिअर' (तीव्र परिस्थिती) धरलंय आणि त्यासाठी कव्हरच ४५ मिमी सांगितलंय. खाडीकाठी, उघड्या पृष्ठभागाला, दोन्ही बाजूंनी तेवढं कव्हर दिल्यावर तुमची १२० मिमीची कड मला जास्त वाटत नाही, उलट सळ्या बसवताना तीच अपुरी पडेल. तुमच्या स्ट्रक्चरल सल्लागारांना कडेचा डिटेल मोठ्या प्रमाणात काढून द्यायला सांगा.

स्टेजिंगचं डिझाइन वेगळं करून घ्या, सही असलेलं. आयएस १४६८७ त्यासाठीच आहे. कळव्याच्या काकांनी भरावाबद्दल लिहिलेलं अक्षरशः पाळा. रोबोचा साचा मिलिमीटरमध्ये अचूक असला तरी तो ज्या कपलॉकवर बसतो तो भार आल्यावर खाली जातो. म्हणून साचा चढवल्यावर टोटल स्टेशनने (सर्व्हेच्या यंत्राने) ठरावीक बिंदू मोजा, सळ्या बांधल्यावर पुन्हा मोजा, आणि ओततानाही एक माणूस यंत्रावर ठेवा. लोझानचं रोलेक्स लर्निंग सेंटर २०१० मध्ये पूर्ण झालं. तिथल्या लाटेसारख्या काँक्रीटच्या पृष्ठभागासाठी सुमारे १,५०० शटरिंग टेबल्स लागली, त्यातल्या फासळ्या सीएनसीने कापलेल्या होत्या, आणि ती टेबल्स माणसांनीच योग्य उंचीवर बसवली. कापण्यातली अचूकता जागेवर पोचवायचं काम सर्व्हेअरचं आणि सुताराचं असतं.

टेकू काढायच्या बाबतीत घाई नको. हे चारही बाजूंना कँटिलिव्हर आहे, म्हणजे कडेला आधार नाही. सुरुवात बाहेरच्या कडेपासून, चारही बाजूंनी सारखी, आणि हळूहळू कॉलमकडे. मध्यापासून काढायला लागलात तर कड टेकूवर आणि मधला भाग लोंबकळत, असा उलटा ताण येईल ज्यासाठी सळ्या टाकलेल्याच नाहीत. आयएस ४५६ मधले १४ आणि २१ दिवसांचे आकडे बीम आणि कमानींचे आहेत. इथे मी क्यूबची (चाचणीसाठी ओतलेल्या ठोकळ्यांची) ताकद पाहूनच परवानगी दिली असती, २१ दिवसांच्या आधी नाहीच.

---

कोलशेत_साइट

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा प्रिंट करून मालकांना दिला.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे राइनोत हायपर बसवून पाहिला. पाकळीच्या मोठ्या भागात फरक नगण्य आहे, फक्त कडेच्या मध्यावर आर्किटेक्टने हलकी कमान दिली होती, तिथे ४० मिमी येतो. त्यांच्याशी बोललो. ते साइटवर आले, आमच्या मिस्त्रींनी दोन काठ्या आणि सुतळी घेऊन जमिनीवर हायपर ताणून दाखवला. ते पाहून त्यांनी कड सरळ करायला होकार दिला, आणि फळ्यांच्या रेषा त्यांना हव्याच आहेत. मिस्त्री आता स्वतःहून फळीची रुंदी किती ठेवायची यावर त्यांच्याशी चर्चा करतायत. भरावाची कुटाई आणि पीसीसी या आठवड्यात सुरू करतोय.

दोन गोष्टी राहिल्या. पुढच्या फेजच्या तीन छत्र्यांना मंजुरी मिळण्याची चिन्हं आहेत. मग गळ्याचा थर्माकोलचा साचा चार वेळा टिकेल का? आणि फळ्या आणि गळ्याचा साचा जिथे भेटतात तो सांधा कसा करायचा? तिथून स्लरी गळाली तर सगळ्यात दिसणाऱ्या जागी डाग पडेल.

---

तारवाली_राबाळे

चार छत्र्या असतील तर मार्ग बदला. थर्माकोलवर थेट चार वेळा ओतायचा भरवसा मी देणार नाही, काढतानाच कोपरे तुटतात. त्याऐवजी रोबोने एका चतुर्थांशाचा नमुना काढायचा, त्यावर इपॉक्सीचा पक्का थर देऊन तो आरशासारखा घासायचा, मेण लावायचं, आणि त्यावरून फायबरची चार कवचं ओढायची. मागे प्लायच्या किंवा पोलादी फासळ्या. ही कवचं चारही छत्र्यांना पुरतील, कोटिंग दर वेळी तपासून डागडुजी करावी लागेल एवढंच. थर्माकोलही एका चतुर्थांशापुरताच लागतो, म्हणजे कचरा चौथ्या भागावर येतो. मला वैयक्तिकदृष्ट्या याच कारणासाठी हा मार्ग जास्त आवडतो. लक्षात ठेवा, नमुना या वेळी कॉलमच्या आकाराचा लागेल, म्हणजे फुगीर बाजू, आणि कवच त्यावरून उलटं निघेल. फाइल देताना हे लिहून द्या. उलटसुलट होण्याची ही हमखास जागा आहे.

सांध्याबद्दल: फायबरच्या कवचाला वरच्या काठाला ७५ मिमीचा सपाट ओठ ठेवू. फळ्या त्या ओठाच्या पाठीमागे नको, त्याला टोकाला टोक भिडवायच्या, खालून एक सलग बॅटन दोघांनाही आधार देईल. मध्ये बंद पेशींच्या फोमची पट्टी दाबून बसवायची, वरून सिलिकॉन अगदी थोडं. सांधा कुठे घ्यायचा ते आर्किटेक्टला दाखवून ठरवा, फळ्यांच्या रेषा जिथे संपतात तिथे तो घेतला तर मुद्दाम केल्यासारखा नीट दिसेल. चारही कवचांच्या उभ्या सांध्यांनाही तोच नियम, ते छत्रीच्या कर्णांवर आणा.

---

कळवा_सेंटरिंग

फळी ७५ पेक्षा रुंद घेऊ नको, पिळताना चिरेल. सगळ्या फळ्या एका लॉटच्या घे, आणि ओतायच्या आदल्या संध्याकाळी पाणी मारून फुगू दे, फटी आपोआप मिटतात. तेल त्याच्या आधीच लावून झालेलं असू दे.

ताईंच्या गाळ्यावर नमुना पाहायला जाशील तेव्हा तुझ्या मिस्त्रीला सोबत घेऊन जा. मलाही यायचंय, तो रोबो तार कशी फिरवतो ते बघायला.

---

तारवाली_राबाळे

काका, जरूर या. शनिवारी दुपारनंतर कटिंग चालू असतं, तेव्हा बरं. दादा, येताना फाइल स्टेप फॉरमॅटमध्ये आणा, युनिट मिमी ठेवा, आणि शून्यबिंदू कॉलमच्या मध्यावर, जमिनीच्या पातळीला घ्या. सळ्यांचं ड्रॉइंगही सोबत द्या, गळ्यात जाळी किती दाट आहे ते पाहून कव्हर ब्लॉकच्या जागा आपण नमुन्यावरच खूण करून ठेवू.